माझ्या पायाखालचं पेट्रोल

माझ्या दिराला मी तोंडावर भाऊजी म्हणते आणि अहोजाहो करते. इथे लिहिताना करणार नाही. तो माझ्या नवऱ्याचा धाकटा भाऊ, पांढुर्ण्यात खतं-बियाणांचं दुकान चालवतो, गावात त्याच्या शब्दाला मान आहे. माझ्या कागदावर त्याला तो मान मिळणार नाही.

भाऊबीजेचा दिवस होता. जेवणं आटोपून घरचे सगळे अंगणात खुर्च्या टाकून बसले होते. सासूबाई, माझी जाऊ, माहेरी आलेल्या नणंदा. अंगणात एका बाजूला पत्र्याखाली आमची गाडी उभी असते. पांढरी, पेट्रोलवर चालणारी, बरीच जुनी, मागच्या एका दाराचा रंग उडालेला. ती माझ्या नवऱ्याची. तो गेला त्याला तेव्हा दोन वर्षं होत आली होती आणि तेवढी दोन वर्षं ती मी चालवत होते. दीर सुपारी कातरत गाडीकडे बघून म्हणाला, "आई, दादाच्या हाती हेच गाडी पंधराचं अ‍ॅव्हरेज देत होती. वहिनीच्या पायाखाली अकरा देऊन राहिली. पाय हाये का दगड हाये?"

सगळे हसले. नणंदा मोकळेपणी हसल्या, जाऊ पदर तोंडाला लावून हसली. मीही हसल्यासारखं केलं, कारण सणाच्या दिवशी तोंड पाडून बसलं की तेही पुन्हा आपल्याच नावावर लागतं. आकडा खोटा नव्हता, हे त्यातलं जास्त वाईट. उन्हाळ्यात फारसं जाणवलं नाही, पण पावसाळा लागल्यापासून गाडी खरंच पेट्रोल पीत होती आणि मलाही त्याचं कारण कळत नव्हतं.

सासूबाईंनी मग निकाल दिला. "एवढं पिऊन राहिली तं ठेवून काय करते? संक्रांत झाली का धाकट्याले देऊन टाक. तो नीट चालवीन. तुले कुठी जायचं असलं तं तो नेऊन देईन."

नेऊन देईन. हे दोन शब्द मला आजतागायत पुरते गिळता आलेले नाहीत. माझी आई रामाकोन्याला एकटी राहते. तिला कमी ऐकू येतं, फोनवर बोलता येत नाही, आणि घर सोडून ती कुठे येत नाही. पांढुर्ण्याहून तिच्याकडे जायचं म्हणजे बसने सौंसर, तिथे छिंदवाड्याच्या बसची वाट, आणि परतीच्या बसकडे डोळे लावून अर्धवट बसणं. नवरा होता तेव्हा मी त्याला विचारायची. तो नाही म्हणायचा नाही, पण विचारावं लागायचं. गाडी हातात आली आणि आयुष्यात पहिल्यांदा असं झालं की शनिवारी शाळा सुटली, मनात आलं, किल्ली उचलली आणि गेले. तोपर्यंत असं सुख असतं हेच मला माहीत नव्हतं. ते आता दिराच्या सवडीवर जाणार होतं, आणि कारण काय, तर माझा पाय जड.

मी मिडल स्कूलमध्ये विज्ञान शिकवते. घरात माझ्या नोकरीला सगळे 'शाळेत जाते' एवढंच म्हणतात. त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी ठरवलं की गाडीत काय बिघडलंय ते मी शोधणार, आणि सापडलं की ते दिराच्या तोंडावर मारणार, अशाच अंगणात, अशाच भरल्या घरात. गाडी दुरुस्त करणं हे त्यानंतरचं काम.

आधी संशय चाकांवर. हवा भरणाऱ्याकडे गेले, त्याने काटा लावून दाखवला, हवा बरोबर होती. मग ब्रेक. ब्रेक जरासा धरून राहिला तर गाडीला कोणीतरी मागून ओढत असल्यासारखं होतं आणि पेट्रोल जास्त जातं. मोहगावच्या पुढे सपाट रस्त्यावर गाडी न्यूट्रल करून सोडली, ती छान घरंगळत गेली. थांबून चारही चाकांना हात लावला, एकही तापलं नव्हतं. रस्त्याने जाणारा एक मोटारसायकलवाला थांबून म्हणाला, "मॅडम, पूजा करून राहिल्या का गाडीची?" मी म्हटलं, "हो, आज तिचा वाढदिवस आहे." तो बिचारा गेला. माझा राग त्याच्यावर नव्हता.

गळती बघायला रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवला. सकाळी पुठ्ठा कोरडा. पंपवाल्यावर संशय घेतला, पंप बदलून पाहिला. आमच्याकडे लोक पेट्रोल भरायला महाराष्ट्राच्या हद्दीत जातात आणि तिकडचं पेट्रोल चांगलं असतं असंही ठासून सांगतात. तिकडेही भरून आले. गाडीला मध्यप्रदेश काय, महाराष्ट्र काय, दोन्हीकडचं सारखंच प्यायला आवडत होतं.

एकदा वाटलं, सापडलं. एअर फिल्टर उघडला तर आत रुईचा थर. पांढुर्ण्याच्या जिनिंगसमोरून जाताना कापसाचे तंतू उडत असतात, ते इंजिन हवेबरोबर ओढून घेतं. फिल्टर काढून बघितला तेव्हा तो गादी भरायला द्यावा असा दिसत होता. मी नवीन टाकला आणि त्या शनिवारी रामाकोन्याला जाताना दिराला काय काय बोलायचं ते मोठ्याने म्हणून बघत गेले. घसा बसेपर्यंत बोलले. परत येऊन टाकी भरली, भागाकार केला, तर जवळपास तेच. तेवढी सगळी भाषणं वाया गेली. मला रडू आलं, आणि गाडीचं नव्हे, भाषणांचंच वाईट वाटलं.

मग पांढुर्ण्यातल्याच एका गॅरेजमध्ये स्पार्क प्लग काढायला लावले. ते काळेकुट्ट निघाले, चुलीत ओलं लाकूड घातल्यावर भांड्याचं बूड होतं तसे. घासून पुसून परत लावले. पंधरवड्याने पाहिले, पुन्हा काळे. म्हणजे इंजिनात पेट्रोल गरजेपेक्षा जास्त पडत होतं आणि पुरतं जळत नव्हतं. एवढं कळलं. पण का पडत होतं? माझ्या पायामुळे प्लग काळे होत नाहीत, हे मला माहीत होतं. ते बाकीच्यांना कसं पटवायचं हे माहीत नव्हतं, आणि संक्रांत जवळ येत होती.

उत्तर सापडलं ते डिसेंबरातल्या एका सकाळी. रामाकोन्याला लवकर निघाले होते. सौंसर सोडलं आणि संत्र्यांच्या बागांमधल्या रस्त्यावर एवढं धुकं की समोरच्या काचेवर आतून वाफ धरली. मी फडक्याने पुसत होते, पुन्हा धरत होती. तेव्हा लक्षात आलं की गाडीला हीटर आहे. आमच्या भागात कोणी हीटर लावत नाही. आमचं वर्ष उन्हाळ्याच्या धाकात जातं, गाडी घेताना लोक एसी किती गार आहे तेवढंच बघतात. तो लाल खुणेचा खटका मी कधी हलवलाच नव्हता, नवऱ्यानेही हलवल्याचं आठवत नाही. मी तो पूर्ण फिरवला आणि पंखा सोडला. थंड वारा आला. पाच मिनिटांनी गरम होईल म्हणून थांबले. रामाकोना आलं तरी वारा थंडच.

हीटरला ऊब इंजिनाकडून मिळते, एवढं सातवीच्या मुलालाही समजावता येतं. म्हणजे पांढुर्ण्याहून रामाकोन्यापर्यंत येऊनही इंजिन गरम झालेलं नव्हतं. मी समोरच्या काट्याकडे बघितलं. तापमानाचा काटा तळाशी पडून होता. तो महिनोन्महिने तळाशीच होता आणि मी त्याच्याकडे समाधानाने बघत होते, कारण आमच्याकडे काटा खाली म्हणजे सगळं ठीक. वैशाखात रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या ज्यांनी बघितल्या आहेत, ते काटा वर दिसला की घाबरतात, खाली दिसला की नमस्कार करतात.

पूर्वीच्या स्कूटरला चोक असायचा. थंडीत तो ओढून गाडी सुरू करायची, इंजिन तापलं की आत ढकलायचा. विसरलं तर पेट्रोल फुकट जायचं आणि धूर निघायचा. माझी गाडी तशीच चालली होती. इंजिन गारच आहे, आत्ताच सुरू झालंय, असं समजून ती सारखी जास्तीचं पेट्रोल टाकत होती, कोणी चोक आत ढकलतच नव्हतं. आईच्या ओसरीवर बसून मी हे सगळं तिला सांगितलं. तिला ऐकू आलं नाही, पण मी खूश आहे हे दिसलं, म्हणून ती पण खूश झाली.

इंजिनातल्या पाण्याच्या वाटेवर एक छोटी झडप असते. इंजिन गार असेपर्यंत ती बंद राहते, पाणी आतच फिरून तापतं. पुरेसं तापलं की ती उघडते आणि पाणी रेडिएटरकडे थंड व्हायला जातं. मेकॅनिक तिला वॉल म्हणतात. ती उघडीच अडकली असेल असं मला वाटलं. परतताना सौंसरच्या गॅरेजवर थांबले. माझा नवरा आणि दीर दोघेही गाडी तिथेच दाखवायचे.

मेकॅनिकला मी म्हटलं, "वॉल उघडून बघा. अडकलाय बहुतेक."

तो हसला. "मॅडम, वॉल तं नाहीच हाये तुमच्या गाडीत."

"नाही म्हणजे?"

"काढला ना. आपल्या इकडच्या गाड्यांत ते लागतच नाही. ते थंड्या मुलखासाठी असते." आणि त्याने कौतुकाने एक जुना डालड्याचा डबा पुढे केला. डबाभर वॉल होते, पितळी, गंजलेले, वेगवेगळ्या गाड्यांतून काढलेले. "हे पहा. अर्ध्या सौंसरच्या गाड्या ठंड्या केल्या मी. कोणाची कंप्लेंट नाही."

अर्ध्या सौंसरच्या गाड्या चोक ओढल्यासारख्या फिरत होत्या आणि अर्ध्या सौंसरचे लोक आपापल्या घरात कोणाच्या तरी पायाला दोष देत होते. मी विचारलं, "आमचा कधी काढला?"

"बैसाखात. तुमचे दीरच तं घेऊन आले होते. लग्नाच्या पाहुण्यांनी भरून छिंदवाड्याले नेली होती, सिल्लेवानीच्या घाटात उबळली. मीच म्हटलं, भाऊ, वॉल काढून टाकतो, पुन्हा गरम नाही होणार. ते म्हणे, काढा. नाही का सांगितलं तुमाले?"

नाही. मला सांगितलं नाही. ते लग्न मला आठवत होतं. मी परीक्षेच्या ड्युटीवर होते म्हणून गेले नव्हते. गाडी परत आली तेव्हा दिराने पेढ्यांचा पुडा दिला आणि म्हणाला, "वहिनी, मस्त चालते गाडी." घाटात ती उकळली, का उकळली, तिच्या पोटातलं काय काढलं, यातलं अवाक्षर नाही. त्याने स्वतः बिघडवलेली गाडी मला दिली आणि सहा महिन्यांनी तिच्या बिघाडावर सुपारी कातरत विनोद केला.

त्याला दोन्हीचा संबंध माहीत नव्हता, हे मी मान्य करते. माहीत असूनही बोलला असता तर मी त्याला निदान हुशार म्हटलं असतं. पण गाडी उकळली हे त्याने लपवलं होतं, आणि माझा पाय मात्र अंगणात चारचौघांपुढे मांडला होता. मेकॅनिक म्हणाला, डब्यातला कोणताही घ्या, बसवून देतो. मी म्हटलं, आज नको. गाडीत बसले आणि तो थंड वारा तसाच चालू ठेवून पांढुर्ण्यापर्यंत आले. इतका आनंद मला वर्षभरात झाला नव्हता.

वॉल त्याच दिवशी बसवला असता तर गाडी सुधारली असती आणि दीर म्हणाला असता, बघा, वहिनी आता हळू चालवून राहिल्या. ते मला नको होतं. आधी त्याच्या पायाचा निकाल लागायला हवा होता.

सासूबाईंनी त्या महिन्यात जामसावळीच्या मारुतीला काही शनिवार जायचा नवस बोलला होता. मी स्वयंपाकघरातून गोड आवाजात म्हटलं, "भाऊजी, या शनिवारी आईंना तुम्हीच न्या ना गाडीने. आम्हीही येतो. तुमच्या हाताने गाडी किती देते तेही कळेल. मी शिकेन तुमचं बघून." शिकेन या शब्दावर तो फुलला. मला तो शब्द बोलताना दात दुखले.

शनिवारी निघताना पंपावर टाकी पूर्ण भरली, नळी आपोआप बंद होईपर्यंत. दीर स्टिअरिंगवर, सासूबाई त्याच्या शेजारी, मी आणि जाऊ मागे. तो असा चालवत होता की गाडीला आपण कोणाला नेतोय हेच कळू नये. गिअर अलगद, पाय अलगद, ट्रॅक्टरही ओव्हरटेक करत होते. वर शिकवणी चालू. "हे पहा वहिनी, असा पाय ठेवायचा. जसं काही फूल ठेवलं." दर्शन झालं, सौंसरपर्यंत जाऊन चहा झाला, आणि परत त्याच पंपावर, त्याच नळीने, पुन्हा टाकी पूर्ण.

त्याने मोबाईलवर भागाकार केला. मग पुन्हा केला. दुकानात बसून लोकांचे हिशेब तोंडी करणारा माणूस, तिसऱ्यांदाही केला.

सासूबाईंनी विचारलं, "किती आला?"

जाऊ मागून वाकून त्याच्या मोबाईलकडे बघून म्हणाली, "साडेदहा." आणि तिने पदर तोंडाला लावला. भाऊबीजेला लावला होता तसाच, पण या वेळी तो माझ्यासाठी नव्हता.

"पंपवाला चोर हाये," दीर म्हणाला. पंपावरचा माणूस तिथेच उभा होता, त्याने ऐकून घेतलं आणि नळी जागेवर अडकवली. मी घरी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले, नाहीतर चेहऱ्यावर दिसलं असतं.

पुढच्या आठवड्यात नवा वॉल नागपूरहून मागवला. आमच्याकडे गाडीचं सामान बसच्या ड्रायव्हरबरोबर येतं. सौंसरच्या स्टँडवर उभं राहून तो हातात घेतला तेव्हा लाडूएवढी ती वस्तू मला अख्ख्या गाडीपेक्षा जड वाटली. मेकॅनिकने नाराजीने बसवला. रेडिएटरचं झाकण सैल होतं, पाणी तिथून उडत होतं, घाटात गाडी उकळली ती त्यामुळे; तेही बदलून घेतलं. तो म्हणाला, "उन्हाळ्यात गरम झाली तं मले नका सांगू." मी म्हटलं, "नाही सांगणार."

त्यानंतरचा शनिवार. पुन्हा जामसावळी, पुन्हा तीच टाकी पूर्ण, तेच चौघं. या वेळी मी म्हटलं, "आज माझी परीक्षा घ्या, भाऊजी. शेजारी बसा." सासूबाई मागे बसल्या.

पांढुर्णा सुटलं आणि तापमानाचा काटा हलला. हळूहळू वर चढू लागला. मी तो आधी बघितला, दिराने नंतर. त्याची मान ताठ झाली.

"वहिनी, काटा."

"हो."

"वर जाऊन राहिला ना!"

"जाऊ द्या."

काटा मधोमध येऊन थांबला, जिथे तो असायला हवा तिथे. पण दिराला ते कसं कळणार? त्याच्या डोळ्यांपुढे सिल्लेवानीचा घाट आणि वाफ. "थांबवा, वहिनी! गाडी गरम होऊन राहिली! इंजिन जाईन!" त्याचा हात डॅशबोर्डवर, दुसरा दाराच्या कडीवर. डिसेंबर संपत होता आणि त्याच्या कपाळावर घाम होता. मी हीटर सुरू केला. छान ऊब आली. तो आणखी घामेजला. मागून जाऊ म्हणाली, "अहो, काय झालं तुमाले?" आणि सासूबाई मारुतीचं नाव घ्यायला लागल्या. एका वाक्यात मी त्याची सुटका करू शकले असते. नाही केली. मोहगाव गेलं, जामसावळीचा फाटा आला, तोपर्यंत मी त्याला तसाच शिजत ठेवला, आणि त्यातला एकेक किलोमीटर मला गोड लागला.

परतीला पंपावर मी मोबाईल त्याच्याच हातात दिला. "तुम्हीच करा भागाकार. माझं गणित कच्चं." त्याने केला. पंधराच्या अगदी जवळ. जाऊने आकडा मोठ्याने वाचला, सासूबाईंना ऐकू जावा म्हणून दोनदा वाचला.

घरी आल्यावर, त्याच अंगणात, मी सगळं सांगितलं. वॉल म्हणजे काय, तो कोणी काढायला लावला, कुठल्या लग्नात, कुठल्या घाटात, आणि कोणी ते घरात कोणाला कळू दिलं नाही. मोठ्या आवाजात सांगितलं, शेजाऱ्यांच्या भिंतीपलीकडे जाईल एवढ्या. दीर खाली बघत होता. "मले काय मालूम," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, "माझा पाय मात्र तुम्हाला बरोबर मालूम होता." हे वाक्य मी दोन महिने धरून ठेवलं होतं, आणि ते जसं ठरवलं होतं तसंच तोंडातून निघालं. मला वाटलं, आता झालं.

सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग चपला काढून पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं बाई. गाडी सुधरली. आता संक्रांत झाली का त्याले देऊन टाक."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्या चेष्टा करत नव्हत्या, रागावल्याही नव्हत्या. त्यांना खरंच बरं वाटलं होतं, धाकट्याला चांगली गाडी मिळणार म्हणून. दिराने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर पुन्हा रंग आला.

तेव्हा मला कळलं की दोन महिने मी टायर, ब्रेक, फिल्टर, प्लग तपासत कोणापुढे पुरावे ठेवत होते. पेट्रोल हे कारण नव्हतंच. गाडी पीत असती तरी द्यायची होती आणि पीत नसली तरी द्यायची होती. मी मात्र बरोबर उत्तर लिहिलं की ठेवायला मिळेल, अशा भाबड्या आशेवर पेपर सोडवत बसले होते. दिरावरचा राग त्यापुढे पोरकट वाटावा इतका मोठा राग आला, आणि त्यातला बराचसा माझा माझ्यावरच होता.

"नाही देत," मी म्हटलं.

"काऊन?"

कारणं तयार होती. एकही सांगावंसं वाटलं नाही. "नाही देत, आई. माझी आहे."

दीर समजूत घालायच्या आवाजात म्हणाला, "वहिनी, पेट्रोलचं मी पाहून घेईन ना. तुमाले कायले ताप?"

मी किल्ली उचलली आणि परत गाडीत जाऊन बसले. सासूबाई पायरीवरून म्हणाल्या, "आता कुठी निघाली? कोणाले इचारलं का?"

"रामाकोन्याला," मी म्हटलं. "नाही विचारलं."

गाडी सुरू केली. मागे बघितलं तर फाटकात दिराची मोटारसायकल आडवी; आम्ही आल्याबरोबर दुकानात जायला म्हणून त्याने ती तिथे काढून लावली होती. मी हॉर्न दिला. तो खुर्चीवरून उठेना. पुन्हा दिला, आणि हात काढलाच नाही. शेजारच्या गच्चीवर कोणीतरी आलं. शेवटी तो उठला, स्टँड काढलं, मोटारसायकल ढकलायला लागला, आणि फाटकाच्या खाचेत चाक अडकलं. त्याला वेळ लागत होता. मी इंजिन बंद केलं नाही. गिअर टाकला नाही, कुठे जायची घाई केली नाही, नुसता पाय दाबला. इंजिन गरजलं. सोडला, पुन्हा दाबला, पार खालपर्यंत. गाडी जागची हलत नव्हती आणि पेट्रोल फुकट जळत होतं, सगळ्यांच्या देखत, आणि त्याची मोटारसायकल बाजूला होईपर्यंत मी ते जळू दिलं.